एका शब्दाचं उत्तर

माकुणसारच्या दोस्तांनो, घरातली ताई किंवा दादा परदेशी शिकायला जायच्या तयारीत असेल, तर त्यांच्या टेबलावर इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी दिसेल. टोफेल, आयएल्ट्स अशा परीक्षांसाठी ती घोकावी लागते. त्या यादीत ‘लॅकॉनिक’ हा शब्द शोधा. अर्थ सोपा आहे : मोजकं बोलणारा. शब्दामागची गोष्ट मात्र भारी आहे.

ग्रीस देशात लॅकोनिया नावाचा प्रदेश आहे. स्पार्टा हे तिथलं नगर. तिथले लोक लढवय्ये आणि कमालीचे मितभाषी. मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिप राजाने, म्हणजे सिकंदराच्या वडिलांनी, त्यांना धमकी दिली, की मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं उद्ध्वस्त करीन. स्पार्टाने उत्तर धाडलं, अशी कथा आहे : ‘जर.’

बस्स, एवढंच! बाकीचं सगळं फिलिपला आपोआप कळलं. थोडक्यात बोलण्याची किमया इथेच आहे. ऐकणाऱ्याला जे आधीच ठाऊक असतं, ते बोलणारा खुशाल गाळतो. ठाऊक नसेल, तर तोच ‘जर’ म्हणजे नुसतं कोडं.

ही किमया बघायला ग्रीसला जायची गरज नाही. सफाळ्याला किंवा केळवे रोडला गाडी पकडता ना? रेल्वेच्या लेखी सफाळे म्हणजे एस-ए-एच, पालघर म्हणजे पी-एल-जी आणि बोईसर म्हणजे बी-ओ-आर. हे कोड तारायंत्राच्या जमान्यातले. तेव्हा स्टेशनमास्तर एकमेकांना तारेने निरोप पाठवत. निरोप टिंबं-रेघांच्या मोर्स लिपीत असे : टिंब म्हणजे छोटा टोला, रेघ म्हणजे लांब टोला. प्रत्येक टोला हाताने मारायचा, म्हणून नाव जितकं लहान तितकं बरं.

किती वाचत होतं? चला, मोजू. आजच्या मोर्स लिपीत पालघर हे नाव इंग्रजी अक्षरांत पूर्ण लिहिलं, तर टिंबं आणि रेघा मिळून 22 खुणा होतात. पी-एल-जी लिहा : फक्त 11. बरोब्बर निम्म्या! बोईसरच्या 17 खुणांच्या 10 होतात.

मोर्स लिपीचीही गंमत आहे. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ‘ई’, म्हणून त्याला एकच टिंब. ‘क्यू’ क्वचित लागतं, त्याला रेघ-रेघ-टिंब-रेघ असं लांबलचक रूप. कुठलं अक्षर किती लागतं हे कसं कळलं? छापखान्यात प्रत्येक अक्षराचे शिशाचे खिळे असत. जे अक्षर जास्त लागे, त्याचे खिळे जास्त. सॅम्युअल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांना या खिळ्यांच्या संख्येवरून अंदाज बांधता आला. मला तर ही युक्ती यंत्राइतकीच थोर वाटते. आपल्या देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तिकिटावर आणि मोबाइलवर स्टेशनांचे ते कोड अजून नांदताहेत.

आता ताईच्या यादीकडे वळू. हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवर स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. काहीच अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करी. तासाभरात त्यातली निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेलेली असे. मग त्याने बायरन या कवीचं काव्य पाठ करून पाहिलं. त्याला जेमतेम दहावा हिस्सा कष्ट पडले! अर्थ असला, गोष्ट असली, की मेंदू पटकन पकडतो. शिवाय त्याला असंही आढळलं, की एकाच दिवशी शंभरदा घोकण्यापेक्षा थोडं आज, थोडं उद्या, थोडं परवा असं केलं, तर कमी श्रमात जास्त टिकतं.

म्हणून ताईला ‘लॅकॉनिक’चा नुसता अर्थ विचारू नका, फिलिपची गोष्ट सांगायला लावा. उद्या पुन्हा विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा, आणि दर वेळी वही मिटलेली हवी.

तुमच्यासाठीही एक काम आहे. माकुणसारला स्वतःचं स्टेशन नाही. समजा, झालं, तर कोड काय ठेवाल? पूर्ण नाव इंग्रजीत लिहिलं तर मोर्समध्ये 20 खुणा होतात. नावातली तीनच अक्षरं निवडा, खुणा कमीत कमी करा, आणि तो कोड दुसऱ्या कुठल्या स्टेशनचा नाही ना, तेही बघा. तुमचा कोड आणि खुणांची बेरीज पोस्टकार्डावर लिहून आम्हाला जरूर पाठवा.