पेशीचा उंबरठा

प्रतिकारशक्ती हा शब्द आपण अगदी सहज वापरतो. ‘त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे’, ‘हे खा म्हणजे प्रतिकारशक्ती वाढेल’, असे घरोघरी बोलले जाते. जणू ती एखादी कणगी असावी आणि तिच्यातले धान्य कमी-जास्त होत असावे. वास्तविक, रक्षण करणाऱ्या पेशी किती आहेत एवढ्यावरच सारे अवलंबून नसते. पेशीच्या पातळ आवरणावर कोणता रेणू कोणाच्या शेजारी उभा आहे, यावर ती पेशी लढणार की गप्प बसणार हे बऱ्याच अंशी ठरते. या लेखाचा विषय एवढाच आहे.

कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीने असा विषय का घ्यावा, असे कोणालाही वाटेल. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. घरातच नव्हे, तर आमच्या गल्लीतही कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी शेजारच्या मावशींच्या सतरा वर्षांच्या मुलाचे कागद आले. त्याला रक्ताचा कर्करोग होता, आणि कागदांत मुंबईत तयार झालेल्या एका नव्या उपचाराचे नाव होते. “पोरी, हे माझ्या लेकाचं काय करणार ते नीट सांग. मग सही करायची का ते आम्ही ठरवू,” असे मावशी म्हणाल्या. शब्दकोशात शब्दांचे अर्थ मिळाले, पण मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मिळेना. तेव्हा विज्ञानशाखेतील मैत्रिणीची पुस्तके मागून आणून मी मुळापासून वाचत गेले. जे समजले ते येथे मांडते.

पेशीच्या आवरणाला पेशीपटल म्हणतात. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते आणि त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या थरात असंख्य प्रथिने रुतलेली असतात. काही आरपार असतात, तर काही एकाच बाजूला चिकटलेली. १९७० साली फ्राय आणि एडिडिन या शास्त्रज्ञांनी माणसाची एक पेशी आणि उंदराची एक पेशी जोडून एकच पेशी केली. दोहोंच्या प्रथिनांना त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावल्या होत्या. आरंभी अर्धी बाजू एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची दिसली, परंतु सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे पटल ही दगडी भिंत नव्हे. त्यातली प्रथिने तेलाच्या तवंगावर तरंगावीत तशी फिरत असतात. १९७२ साली सिंगर व निकोलसन यांनी मांडलेले पटलाचे चित्र आजही पाठ्यपुस्तकांत आढळते, ते याच धर्तीचे.

मग ही सारी प्रथिने वाटेल तशी विखुरलेली असतात काय? तसेही नाही. नाशिकच्या थंडीत वरणावर तूप घातले तर ते सगळीकडे सारखे राहत नाही. कोठे थिजून कवडी धरते, कोठे पातळच राहते. पेशीपटलातही कोलेस्टेरॉल आणि काही विशिष्ट स्निग्ध रेणू एकत्र येऊन थोडे घट्ट भाग तयार करतात. १९९७ साली सायमन्स आणि इकोनेन यांनी त्यांना ‘तराफे’ म्हटले. हे तराफे किती मोठे आणि ते किती वेळ टिकतात, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला.

त्या वादात आपल्या देशातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. पवईच्या आय.आय.टी.तून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले सत्यजित मेयर यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यावर काम केले. १९९८ साली रजत वर्मा यांच्यासह त्यांनी दाखवले की स्निग्ध शेपटीने पटलाला चिकटलेली काही प्रथिने ७० नॅनोमीटरहून लहान घोळक्यांत उभी असतात. पुढे २००८ साली भौतिकशास्त्रज्ञ मदन राव व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी असे मांडले की हे घोळके आपोआप जमत नाहीत. पटलाच्या आतल्या अंगाला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी असते, ती त्यांना एकत्र ओढते. तात्पर्य, पेशी आपला उंबरठा स्वतःच मांडते आणि मोडते.

आता या मांडणीचा लढाईशी संबंध पाहू. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या इतर पेशींना चाचपत हिंडतात. प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवते, आणि टी-पेशीवरील ‘ग्राही’ नावाचे प्रथिन ते तपासते. तुकडा परका निघाला तर टी-पेशीच्या आत संदेश जावा लागतो. हा संदेश म्हणजे ग्राहीच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटची खूण होणे होय. खूण करणारे प्रथिन आहे एलसीके. ते पटलाच्या आतल्या बाजूला स्निग्ध शेपटीनेच चिकटलेले असते. खूण पुसणारे प्रथिन आहे सीडी-४५. एरवी हे दोघेही ग्राहीच्या आसपास असतात. एक लिहितो, दुसरा पुसतो, आणि पेशी शांत राहते.

मग लढाई सुरू कशी होते? येथे केवळ उंची कामाला येते. ग्राही आणि परका तुकडा जुळले की त्या जागी दोन पेशींमधले अंतर सुमारे १५ नॅनोमीटर उरते. सीडी-४५ चा बाहेरचा भाग मात्र २० नॅनोमीटरहून उंच असतो. जुन्या नाशकातील वाड्यांच्या बुटक्या दारातून उंच माणसाला ताठ उभ्याने आत जाता येत नाही. सीडी-४५ ला तर वाकताही येत नाही, म्हणून ते त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर ढकलले जाते. पुसणारा बाहेर गेला की लिहिलेली खूण टिकते, संदेश पुढे जातो आणि पेशी जागी होते. कोणी हुकूम दिला नाही. फक्त शेजार बदलला.

१९९८ साली अमेरिकेत कुफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाग्या झालेल्या टी-पेशीचा संपर्काचा भाग पाहिला. मध्ये ग्राहींचा ठिपका आणि भोवती चिकटून धरणाऱ्या प्रथिनांचे कडे, अशी लक्ष्यफलकासारखी मांडणी त्यांना दिसली. संदेश त्या मधल्या ठिपक्यातूनच येत असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. पण वर उल्लेखिलेले रजत वर्मा यांनी २००६ साली डस्टिन यांच्या प्रयोगशाळेतून दाखवले की संदेश कडेला बनणाऱ्या छोट्या घोळक्यांत चालू राहतो आणि मध्यभागी पोचल्यावर तो विझतो. म्हणजे पेशीला जागे करण्याची तशीच गप्प करण्याचीही जागा याच पटलावर ठरलेली आहे.

मावशींच्या कागदावरील ‘कार-टी’ उपचार याच ज्ञानावर उभा आहे. आय.आय.टी. मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून तो विकसित केला. ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला कार-टी उपचार टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याला सरकारी मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवा जनुक घालतात. मग त्यांच्या पटलावर एक कृत्रिम ग्राही उगवतो. त्याचे बाहेरचे टोक कर्करोगी बी-पेशींवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखते, आणि आतले टोक खऱ्या ग्राहीच्या शेपटीपासून बनवलेले असते. अशा पेशी वाढवून पुन्हा त्याच रुग्णाला देतात.

परंतु नवा ग्राही बसवला की काम झाले असे नाही. शत्रू समोर नसतानाच हे ग्राही एकमेकांना चिकटून घोळके करू लागले, तर संदेश उगाच चालू राहतो आणि पेशी थकून जाते. खऱ्या ग्राहीला मोजके परके रेणू पुरतात, कृत्रिम ग्राहीला मात्र त्याहून कितीतरी अधिक लागतात. नक्कल केलेल्या प्रथिनाला शेजारही नीट लाभावा लागतो.

मावशींना मी सांगितले ते असे: “मावशी, हे बाहेरचं औषध नव्हे. मुलाच्याच पेशींना शत्रू ओळखायला शिकवून परत पाठवतात. गुण सगळ्यांना येत नाही, आणि पेशी एकदम चवताळल्या तर जोराचा ताप येतो, रक्तदाब उतरतो, म्हणून इस्पितळातच ठेवतात.” २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला होता. हे सारे असे रुग्ण होते, ज्यांचा कर्करोग आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता.

खर्चाचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. मुंबईचा उपचार सुमारे ४० लाख रुपयांत उपलब्ध झाला. तुलनेने ही फार मोठी मजल आहे, हे मान्य. तरीही हमालाच्या किंवा द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बाईच्या घरी हा आकडा मोठ्याने उच्चारवतही नाही. मदत कोठे मिळते, अर्ज कसा करायचा, हे सांगणारा माणूसही उपचाराइतकाच आवश्यक आहे.

वाचकहो, कलाशाखेत आपण समाजाचा अभ्यास करतो. माणूस एकटा काय आहे, यापेक्षा तो कोणाच्या शेजारी उभा आहे, यावरून त्याचे आयुष्य पुष्कळदा ठरते, हे आपण पुस्तकांत वाचतो. ५ नॅनोमीटर जाडीच्या पटलावरही तेच घडत असते. हे ज्ञान इंग्रजीच्या बंद दारामागे राहिले तर ज्यांच्या देहावर उपचार व्हायचे, तेच त्याला पारखे राहतील. ते मराठीत आणणे हे विज्ञानशाखेइतकेच आपलेही काम आहे.