चांदी काळी पडली म्हणून मोडू नका



16 जून ते 15 ऑगस्टचा बंद ऋतू संपला, जाळी पुन्हा पाण्यात गेली. आता पोळा, दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार, मग गणपती अन् महालक्ष्म्या. घरोघरी डब्यातली चांदी बाहेर निघेल, अन् बऱ्याच जणींची काळी निघेल.

परवा एक ताई समितीच्या ऑफिसात आल्या. पदरात पायातल्या मासोळ्या अन् पैंजण. म्हणाल्या, "भाऊ, हे तं गिलट निघालं वाटते. मोडूनच टाकावं म्हणते." म्हटलं, ताई, थांबा. काळी पडली म्हणजे खोटी असं नाही. खरी चांदीसुद्धा काळी पडते.

कारण आपल्याच धंद्यात दिसते. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की तळाचा काळा गाळ उघडा पडतो अन् सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू हायड्रोजन सल्फाइड. जास्त झाला तर मासळीही मारतो. हाच वायू हवेत थोडाथोडा असतो अन् चांदीवर काळा थर चढवतो. घाम, अंडी, कांदा, रबर, लोकर यांच्यातल्या गंधकानेही तेच होते. गाळात उतरणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या बायांची चांदी लवकर काळवंडते ती यामुळे. थर वरवरचाच असतो, आत चांदी तशीच.

आता सावधगिरीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात दोन जण आले, "दागिने चमकवून देतो" म्हणत. माझ्या आईने पैंजण दिले. त्यांनी कसल्याशा पाण्यात बुडवले, घासले, चकचकीत करून दिले. आई खूश. पुढल्या बंद ऋतूत घरात पैसा नव्हता, गहाण ठेवायला नेले. पावतीवर 12 तोळे, काट्यावर 11 सुद्धा भरले नाही. नायट्रिक अॅसिडमध्ये चांदी विरघळते. पाण्यात उतरलेली चांदी ते लोक घेऊन जातात अन् आपल्या हाती फक्त चमक राहते. आपल्यासारख्यांसाठी पायातली चांदी म्हणजे दोन महिन्यांच्या बंदीतला आधार. ती दारावर आलेल्या माणसाच्या हातात देऊ नका.

घरीच साफ करा, खर्च दहा-वीस रुपये.

पहिले कोमट पाणी, रिठा किंवा थोडा शाम्पू, अन् जुना मऊ ब्रश. कडीकोपऱ्यातला मळ काढा, सुती कपड्याने पुसा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते.

तरी काळं राहिलं तर जुनं जर्मनचं भांडं घ्या, नाही तर स्टीलच्या भांड्यात पोळी गुंडाळायची चंदेरी पन्नी अंथरा. त्यात लिटरभर उकळतं पाणी अन् एक मोठा चमचा खायचा सोडा घाला. दागिना जर्मनला किंवा पन्नीला टेकलेला पाहिजे, हे महत्त्वाचं. चार-पाच मिनिटांत काळेपण उतरते, थोडा अंड्यासारखा वास येतो. गंधक चांदीला सोडून जर्मनला धरते, त्याने चांदीचा थरही परत चांदीच होतो. पन्नी काळी पडेल, पडू द्या. चिमट्याने दागिना काढा, साध्या पाण्याने धुवा, कोरडा पुसा. खिडकी उघडी ठेवा, लेकरांना दूर ठेवा.

हा उपाय खडे किंवा मोती जडवलेल्या, आत लाख भरलेल्या, सोन्याचं पाणी चढवलेल्या दागिन्यांना करू नका. मुद्दाम काळपट केलेल्या नक्षीच्या दागिन्यालाही नाही, नाही तर नक्षीच पुसटेल. ते फक्त ओल्या कपड्याने पुसा.

राख, रेती, टूथपेस्ट यांनी घासू नका. ओरखडे पडतात अन् दर वेळी चांदी झिजते. ब्लीचिंग पावडर हाताळायच्या आधी अंगठ्या काढून ठेवा. जाळं ओढतानाही काढा, बोट अडकून फाटते.

ठेवायची कशी? पूर्ण कोरडी करून सुती कपड्यात गुंडाळा, मग घट्ट पिशवीत, सोबत खडूचा तुकडा, तो ओल ओढून घेतो. रबरबँड लावू नका. सुकटीच्या डब्याजवळ तर मुळीच नाही. अन् रोज घातली तर घासून चमकत राहते, पेटीत पडलेली लवकर काळी होते.

शेवटी, खरेदीची पावती जपून ठेवा अन् वजन लिहून ठेवा. 925 चा शिक्का म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी. मोडायची किंवा गहाण ठेवायची वेळ आली तर आधी दोन ठिकाणी तोलून पहा. मासळीच्या काट्यावर नको, त्याला तोळ्या-दोन तोळ्यांचा फरक कळत नाही.

त्या ताईंच्या मासोळ्या त्यांनी घरी जाऊन साफ केल्या. काल पायात दिसल्या, चकचकीत. म्हणाल्या, "काऊन जी, मी तं मोडायला निघाली होती!"

माहिती घरातल्या बायांपर्यंत पोहचवा.

आपला,
सचिव