संवादाच्या अनेक वाटा

कंधारच्या शेजारी, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. या यात्रेत तमाशाचे फडही येतात. तमाशातील सवाल-जवाब महाराष्ट्राला फार पूर्वीपासून प्रिय आहेत. कलगी पक्षाचा शाहीर शक्तीचे श्रेष्ठत्व गातो, तर तुरा पक्षाचा शाहीर शिवाचे. एकाने कवनातून कूट प्रश्न घालावा आणि दुसऱ्याने कवनातूनच तो सोडवावा, अशी ही चढाओढ असते. समोरून कोणता सवाल येईल हे शाहिराला ठाऊक नसते. तरीही तो येताच साजेसा जवाब द्यावा लागतो.

संगणकावरील कथाखेळ लिहिणाऱ्याची कसोटी याहूनही कठीण असते. पुस्तकातील पात्राचे बोलणे वाचकाला बदलता येत नाही. कथाखेळात मात्र नायकाने काय बोलावे, हे खेळणारा ठरवितो. आणि त्या वेळी लेखक तेथे हजर नसतो. म्हणून प्रत्येक संभाव्य उत्तराचा जवाब त्याला आधीच लिहून ठेवावा लागतो.

कंधारच्या भुईकोट किल्ल्यावर असा एक खेळ रचावयाचा आहे, असे समजा. रात्र पडली आहे. खंदक ओलांडून एक मुलगा दरवाजाशी येतो. पहारेकरी विचारतो, “एवढ्या रात्री कोण रे तू?” खेळणाऱ्यापुढे तीन उत्तरे येतात. “दादा, आजी आजारी आहे, तिचे औषध आणले आहे,” हे पहिले. “किल्लेदारांनी बोलावले आहे,” हे दुसरे, आणि ते खोटे. “मला अडवणारा तू कोण?” हे तिसरे. पहिल्या उत्तराने पहारेकरी मशाल घेऊन सोबत येईल. दुसऱ्याने दार उघडेल, पण मनात संशय धरील. तिसऱ्याने मुलाला बाहेरच ताटकळत ठेवील.

प्रत्येक वेळी अशी तीन उत्तरे ठेवली, तर दुसऱ्या निवडीनंतर ९ वाटा होतात, तिसऱ्या निवडीनंतर २७ आणि पाचव्या निवडीनंतर २४३! एवढे लिहिणार कोण? म्हणून अनेक ओढे जसे एका नदीला मिळतात, तशा या वाटा लेखक पुढे एकत्र आणतो. तिन्ही वाटांनी मुलगा अखेर आजीजवळ पोहोचतो. परंतु त्याने काय उत्तर दिले, याची नोंद खेळात राहते. दुसऱ्या दिवशी तो मदत मागावयास आला, की पहारेकऱ्याला कालचा शब्द आठवतो. ही आठवण नसेल, तर निवड हा केवळ देखावा ठरेल; कारण मग खरे बोलले काय आणि खोटे बोलले काय, सारखेच!

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांतील जगप्रवासाची कादंबरी १८७३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक मुंबईला उतरून आगगाडीने पुढे जातो. या कादंबरीवरून इंग्लंडमधील ‘इंकल’ या संस्थेने २०१४ साली ‘एटी डेज’ हा खेळ काढला. त्यात पाच लाखांहून अधिक शब्द आहेत. परंतु एका प्रवासात त्यांतील थोडेच खेळणाऱ्याच्या वाचनात येतात.

मग उरलेले श्रम वाया गेले काय? नाही. क्वचितच कोणी जाईल अशी वाटही लेखकाला तितक्याच आस्थेने लिहावी लागते. कारण जो एखादा त्या वाटेने जाईल, त्याच्यापुरती तीच संपूर्ण कथा असते.