कापसाला न लागणारी शाई

आजोबांचा जुना फोटो चहाच्या मगावर छापून घेतला, तर त्यांची पांढरी टोपी कोणत्या शाईने छापलेली असते? कोणत्याच नाही. या छपाईच्या प्रिंटरमध्ये सहसा पांढरी शाई भरलेलीच नसते. टोपीची जागा कोरी राहते आणि तिथे आपल्याला मगाचा स्वतःचा पांढरा रंग दिसतो. फोटोचे मग पांढरेच का असतात, याचं उत्तर एवढंच आहे. काळ्या मगावर हा फोटो उमटणारच नाही, कारण ही शाई पारदर्शक असते.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतला फोटो स्टुडिओवाला लग्नसराई संपल्यावर काय करतो? छोटा प्रिंटर, मग तापवणारं प्रेस आणि कोऱ्या मगांची खोकी एवढ्या सामानावर, एका खोलीत, त्याला दुसरा धंदा उभा करता येतो. गिऱ्हाईक गल्लीतलंच हवं असंही नाही. ऑनलाइन बाजारपेठेवर नोंद केली की फोटो पुण्याहून येतो आणि मग बीडहून पुण्याला जातो.

मधली करामत मात्र रसायनशास्त्राची आहे. देवघरातल्या डबीचं झाकण सैल राहिलं, तर कापराच्या वड्या बारीक होत जातात. वडी वितळत नाही, ओलसर होत नाही, नुसती हवेत निघून जाते. घनरूपातून थेट वायुरूपात जाण्याच्या या क्रियेला संप्लवन म्हणतात. धंद्यातले लोक तिला सब्लिमेशन म्हणतात. या शाईतले रंगही तसेच, फक्त त्यांना बरीच जास्त उष्णता लागते.

फोटो आधी खास कागदावर उलटा छापतात. तेव्हा तो इतका फिकट दिसतो की नवख्याला वाटावं, शाई संपत आली. कागद मगाभोवती टेपने घट्ट बसवायचा आणि 180 ते 200 अंश सेल्सिअसवर काही मिनिटं दाबून ठेवायचा. मगावर डोळ्यांना न दिसणारा पॉलिमरचा थर असतो. त्यातल्या लांबलचक रेणूसाखळ्या उष्णतेने सैल होतात, वायू झालेला रंग त्यांच्यामधल्या फटींत शिरतो आणि मग निवला की साखळ्या आखडून रंग आत कोंडला जातो. म्हणून तो नखाने खरवडून निघत नाही. फोटो मगावर बसलेला नसतो, थराच्या आत गेलेला असतो. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

आणि इथेच बीडकरांना चुटपुट लावणारी बाब येते. गेवराई-माजलगावकडे कापूस पिकतो, पण ही शाई कापसाला लागत नाही. कापसाचा धागा सेल्युलोजचा, पाण्याशी सलगी करणारा. हे रंग पाण्याशी फटकून राहणारे. शिवाय सेल्युलोज प्लास्टिकसारखं तापून सैल होत नाही, जास्त तापवलं तर करपतं. सुती टी-शर्टवर छापलेला फोटो दोन-चार धुण्यांत पुसट होतो; पॉलिस्टरवर तो टिकतो. सुती कापडासाठी डीटीएफ ही वेगळी पद्धत वापरतात. तिच्यात पांढरी शाई असते, त्यामुळे काळ्या शर्टावरही छापता येतं. पण तिथे चित्र गोंदाच्या थराने कापडावर चिकटवलेलं असतं आणि हाताला जाणवतं.

राखीपौर्णिमेच्या मागण्या नेमक्या श्रावणात येतात, हवेत दमटपणा असताना. कागदाने ओल धरली की प्रेसमध्ये तिची वाफ होते आणि चित्रावर डाग उठतात. त्यासाठी कागद आधी कोरडा तापवून घ्यावा लागतो. मधेच वीज गेली तर रंग अर्धाच आत शिरतो. तो मग वाया जातो.

वाया जाणं या धंद्यात फार महाग पडतं. साधा मग परत आला तर पुन्हा विकता येतो. नाव आणि फोटो असलेला मग दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो. म्हणून छापण्याआधी नावाची वेलांटी-उकार गिऱ्हाइकाकडून तपासून घ्यायलाच हवेत. एक चांगली गोष्ट म्हणजे, 1 ऑक्टोबर 2023 पासून 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन माल विकता येतो. अट अशी की माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. पुणे-नागपूर चालतं, हैदराबादला पाठवायचं तर नोंदणी लागते.

उरतो फोटो. स्वच्छ छपाईसाठी दर इंचाला 300 बिंदू धरतात. मगाभोवती 20 सेंटीमीटर लांब पट्टा छापायचा, तर सुमारे 2,360 बिंदू हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि तिथेच कमी पडतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोचतो. आजोबांचा फोटो साडेचार सेंटीमीटर उंचीचा, कडा पिवळ्या पडलेला एकुलता एक असेल, तरी घाबरू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढण्याऐवजी 600 च्या सेटिंगवर तो स्कॅन करून घ्या. उंचीला साधारण 1,060 बिंदू मिळतात, म्हणजे मगावर टोपीपासून छातीपर्यंतचे आजोबा पूर्ण नऊ सेंटीमीटर उंच उमटतील.