चाफ्याला तहान लागू द्या

वाडीतलं घर सोडून डहाणू रोडला स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा अंगणातल्या चाफ्याची एक फांदी कापून आणली. त्याच संध्याकाळी ती कुंडीत खोचली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागले. पंधरा दिवसांत बुंधा उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ झाला. वाडीतले जुने माळीकाका म्हणाले, "ताई, फांदी कापली की आठ दिवस तिला विसरून जायचं."

आपल्याकडे चाफे पुष्कळ. सोनचाफा, नागचाफा, हिरवा चाफा यांचं एकमेकांशी नातं नावापुरतंच. मी सांगतेय तो देवचाफा, काहींचा खुरचाफा. इथे गुजरातीभाषक शेजारी त्यालाच चंपो म्हणतात. देवळाच्या आवारात हमखास दिसतो, म्हणून अस्सल इथलाच वाटतो, पण मूळचा तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. शार्ल प्ल्युमिए (१६४६-१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ साधूच्या नावावरून शास्त्रात तो प्लुमेरिया झाला. गंमत म्हणजे ज्या चिकूवर डहाणू-घोलवडचं नाव चालतं, तोही त्याच मुलखातला. दोघांनाही चीक. चिकूचा चीक आटवून पूर्वी च्युइंगगम करत. कुळं मात्र वेगळी: चिकू आपल्या मोहाच्या कुळातला, चाफा कण्हेरीच्या.

कापलेल्या फांदीतून हा चीक पांढरा धो धो गळतो. जखम ओली असतानाच मातीत गेली, तर कुजते. दीड फुटाची, राखाडी सालीची जून फांदी घ्यावी, पानं काढावीत आणि सावलीत आठ-दहा दिवस आडवी ठेवावी. टोक सुकून खरखरीत झालं की मगच लावावी. फाल्गुन-चैत्र त्यासाठी उत्तम. चीक कातडीला झोंबतो, डोळ्यांत गेला तर हाल. लहान मुलांना लांब ठेवा.

कुंडी मातीची, खाली मोठं भोक असलेली. बागेच्या मातीत निम्मी जाड वाळू, विटांचे तुकडे आणि मूठभर शेणखत. वाळू नदीची हवी. किनारा पाच मिनिटांवर आहे म्हणून तिथली पिशवीभर आणाल, तर मिठाने मुळं करपतील. चाफ्याचं खोडच त्याची घागर असते. म्हणून बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, पण दिलं की खालून निथळेपर्यंत. खोड सुरकुतलं तर तहान, बुडाशी मऊ लागलं तर कूज.

घरात ठेवायचा म्हणजे खिडकीतच ठेवायचा. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात नाही. निदान सहा तास थेट ऊन हवं, ते नुसत्या उजेडाने भागत नाही. ऊन कमी आणि युरिया जास्त झाला की फांद्या लांबतात, पानं हातभर होतात, फूल मात्र नाही. फुलांचा तुरा फांदीच्या शेंड्याला येतो आणि तिथूनच पुढे दोन-तीन फांद्या फुटतात. त्यामुळे उगाच शेंडे छाटत बसू नये.

पावसाळ्यात मात्र घरातला चाफा अंगणातल्यापेक्षा सुखी. जूनपासून इथे जो धबधबा सुरू होतो, त्यात कुंडी छपराखालीच बरी. ओल्या हवेत पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. अशी पानं तोडून कचऱ्यात टाका, खतात नको. पिठ्या ढेकणाला साबणाच्या पाण्याचा बोळा पुरतो.

आता दिवाळी झाली की पाणी कमी करत जा. पौषापर्यंत पानं गळतील. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि तांब्या परत हातात येतो. झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. उघडं खोड असताना महिन्यातून एकदा घोटभर पाणी पुरे. नवी पालवी दिसली की पुन्हा नेहमीसारखं.

रात्री चाफ्याचा वास वाढतो. तो आपल्यासाठी नसतो, मोठ्या निशाचर पतंगांसाठी असतो; आणि त्यांचीही फसवणूकच, कारण फुलात मध नसतो. माझ्या खिडकीला डासांची जाळी आहे, त्यामुळे निदान तेवढ्या पतंगांची फेरी वाचली.

गेल्या माघात शेजारच्या वहिनींनी कुंडीकडे पाहून विचारलं, "ही काठी टाकायची राहिली का हो?" मी त्यांचा हात धरून खोडावर दाबला. दगडासारखं घट्ट होतं.