चित्रातला उजेड येतो कुठून?

अंधार पडत आलाय. रोमच्या टायबर नदीच्या काळोख्या पाण्यावर पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी तरंगतेय. डोळे मिटलेले, हात दोरीने बांधलेले. आणि तिच्या चेहऱ्याच्या वर, अधांतरी, एक सोनेरी कडं चमकतंय.

पॉल दलारोश या फ्रेंच चित्रकाराने हे चित्र 1855मध्ये रंगवलं. पुढच्याच वर्षी तो वारला. चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातली गोष्ट मात्र खूप जुनी आहे. सतराशे वर्षांपूर्वी, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यात, ख्रिस्ती लोकांचा फार छळ झाला. रोमन देवांना नैवेद्य दाखवायला या मुलीने नकार दिला, म्हणून तिला नदीत टाकलं. दलारोशने तिला नाव दिलेलंच नाही. मला ते फार भावतं. ज्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत, अशा कितीतरी हुतात्म्यांची ती प्रतिनिधी वाटते.

पण ते कडं! चित्रामागे दिवा नाही. रंग स्वतः उजेड देत नाही. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो, इतकंच. मग कडं पेटल्यासारखं का दिसतं?

अर्धं काम दलारोशने केलं, उरलेलं तुमचे डोळे करतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या असंख्य पेशी असतात. एखाद्या जागी खूप उजेड पडला, की शेजारच्या जागेकडून मेंदूला जाणारा संदेश दबतो. शेजारी अंधार असेल तर दाबणारं कुणी नसतं, मग उजळ जागा आहे त्याहून उजळ भासते. दलारोशने म्हणूनच इतकं काळं पाणी रंगवलं असावं! शिवाय कड्याखालचा चेहराही त्याने उजळ ठेवला. तो पाहून मेंदू ठरवून टाकतो, उजेड वरूनच आलाय.

खरं वाटत नाही? राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा जास्त उजळ दिसेल. मग या चित्राची छापील प्रत मिळवा. पांढऱ्या कागदाला छोटं भोक पाडा आणि त्यातून कड्याचा फक्त एक ठिपका बघा. नुसता पिवळट रंग! कागद बाजूला करा, की कडं पुन्हा पेटेल.