मागच्या आसाचे तेल

भिवंडीच्या गोदामांतून भरून निघालेला ट्रक कसारा घाट चढू लागला की इंजिनाचा सारा जोर मागच्या आसातून चाकांकडे जातो. वळणावर बाहेरच्या चाकाला अंतर जास्त, आतल्याला कमी. दोहोंना आपापल्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल.

ही चक्रे तेलात फिरतात. कालांतराने तेलाचा कस जातो, त्यात लोखंडाचा कीस उतरतो, पावसाळ्यात पाणीही शिरते. तेल दुधाळ दिसले की किलोमीटर मोजत बसू नये, ते बदलावे. गाडी चालून आल्यावर, तेल ऊन असतानाच काढावे. मात्र भरण्याचे बूच आधी उघडून पाहावे. ते गंजून बसले असेल, तर रिकामा झालेला आस भरणार कसा?

चारही चाकांना जोर देणारे ट्रक निराळे. १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेले लष्कराचे शक्तिमान त्या जातीचे. अशा गाडीचा पुढचा आस चिखलात, वाळूत जोडावा. कोरड्या डांबरी सडकेवर सोडवावा. वळणावर पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात. दोन्ही आस एकत्र जखडलेले असले, तर हा फरक दंतचक्रांना सोसावा लागतो.

हे ड्रायव्हरला ठाऊक असते. पण फेरीमागून फेरी लागली की उसंत कोठली? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाच्या ८ तासांची मर्यादा घातली, ती याच उसंतीसाठी. म्हणून आम्ही कामगार मंडळी मालकांना सांगतो: तेल बदलण्याचा वेळ कामातच धरा, आणि दंतचक्रे मोडली तर भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून कापू नका.